फरारे हजर हाय

बेळंबवाडीच्या सप्त्यात ग्यानोबा फरारे काय करत नसे ते विचारा. मंडपाचे बांबू रोवायला तो, ताडपत्री ओढायला तो, पाण्याचे ड्रम भरायला तो, आणि कीर्तनकार महाराजांना मुखेडच्या स्टँडवरून मोटारसायकलवर बसवून आणायलाही तोच. टाळ असा वाजवी की मृदंगवाला मान वळवून बघे. फक्त एक गोष्ट त्याच्या वाट्याला कधी आली नाही. वीणा.

सप्ता बसला की वीणा गळ्यात घालून कुणीतरी उभं राहायचं. त्याचा पहारा संपला की दुसऱ्यानं ती आपल्या गळ्यात घ्यायची. सात दिवस ती अशी गळ्यागळ्यांतून फिरते, जमिनीला टेकत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या पायाला गावातला सगळ्यात म्हातारा माणूसदेखील हात लावतो. दरसाल पहाऱ्याची यादी निघायची, बजरंग पाटील खडूनं फळ्यावर नावं लिहायचा, आणि फळा भरून जायचा. ग्यानोबा तो फळा स्वतः खांबाला बांधायचा. त्यावर आपलं नाव आहे का, हे त्यानं साठ वर्षांच्या आयुष्यात एकदाही वर बघून पाहिलं नव्हतं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. ग्यानोबाचा आजा सटवाजी. निजामाच्या राजवटीतली गोष्ट. माघातल्या सप्त्यात पहाटेचा पहारा त्याचा होता, आणि उजाडताना लोक आले तर वीणा लिंबाच्या बुडाशी मातीत पडलेली आणि सटवाजी गायब. तो गेला तो गेलाच. घरात आईविना दोन लेकरं, सात वर्षांची धोंडा आणि चार वर्षांचा तिचा भाऊ, म्हणजे ग्यानोबाचा बाप. चुलता म्हणायचा, "कामाला गेलाय, येईल." पण सटवाजी आला नाही, आणि पुढं चुलताही गेला. मग निजामाचं राज्य जाऊन उर्दूतलं दप्तर मराठीत उतरवलं गेलं, तेव्हा चावडीत सटवाजीच्या नावापुढं एक शब्द वाचला गेला : फरार. गावाच्या तोंडी जे होतं तेच सरकारी कागदातही निघालं म्हटल्यावर बोलायला जागाच उरली नाही. लोक घराला फरारे म्हणू लागले. ग्यानोबाचं नाव शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "आडनाव?" बाप गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, "फरारे लिवा." मास्तरांनी लिहिलं.

आता तेच आडनाव घेऊन ग्यानोबाची थोरली लेक वर्षाराणी नांदेडला विद्यापीठात इतिहासात एम.ए. करत होती.

"सर हजेरी घेतात आन् म्हनतात, फरारे? मी म्हनते, हजर. आख्खा वर्ग हसतोय, आबा," ती सुट्टीला आली की सांगायची. "ती लातूरची अक्षरा तर बेंचवर डोकं ठिवून हसती."

"हसंनात का. तुला काय तोटा हाय?" ग्यानोबा म्हणायचा आणि उठून बैलांकडं जायचा.

त्या दिवाळीला मात्र ती वेगळंच काही घेऊन आली. विद्यापीठात कुळाच्या इतिहासाचा एक पेपर होता. उज्वला मॅडम शिकवायच्या. प्रत्येकानं आपल्या घराच्या पाच पिढ्या लिहायच्या, आणि प्रत्येक माणसाला पुरावा जोडायचा. तोंडचा, कागदाचा, नाहीतर वस्तूचा. शेवटी सगळ्या वर्गापुढं उभं राहून ते मांडायचं.

ग्यानोबाच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"तुझ्या आईच्या माहेरचं लिही की. किनवटची मानसं हायत, लई मोठं कूळ हाय."

"बापाकडचंच लिवायचंय, आबा."

"मग आज्यापास्नं लिही."

"पाच पिढ्या म्हनल्यावर पंजा, तुमचा आजा, येतोच की मधी. मॅडम म्हनतात, ज्याच्याबद्दल घरात कुनी बोलत न्हाई, त्याच्यापास्नंच सुरुवात करा."

"तुज्या मॅडमला म्हनावं, एकदा हितं येऊन ऱ्हा," ग्यानोबा एवढंच बोलला.

ओसरीवर धोंडाबाई बसली होती. सटवाजीची तीच धोंडा. नवऱ्यामागं माहेरी परतली त्यालाही पन्नास वर्षं झाली, आणि आता नव्वदीच्याही पुढं गेलेली. तिचा एक विचित्र नेम होता. सप्त्याचा भोंगा घराकडं तोंड करून बांधायला ती दरसाल ग्यानोबाला बजावायची, कीर्तनातला एकेक शब्द ओसरीवरून ऐकायची, चुकलेली चालसुद्धा ओळखायची. पण मंडपात पाय ठेवायची नाही. सुना-लेकींनी हाताला धरून ओढलं तरी नाही. लोक म्हणायचे, बापाची लाज. ग्यानोबालाही तसंच वाटे.

ग्यानोबाची भीती साधी होती. आजवर ही गोष्ट गावाच्या तोंडात होती. गावाचं तोंड आज बोलतं, उद्या दुसरंच काही चघळतं. पोरगी ती पुस्तकात घालणार. त्यावर विद्यापीठाचा शिक्का बसणार. आणि मग आजा फरार होता हे देवाच्या बापालाही पुसता येणार नाही.

पौष लागला तशी वर्षाराणी पुन्हा आली. पिशवीतून तिनं दोन कागद काढून घोंगडीवर पसरले. जुन्या दप्तरातून काढलेल्या नकला होत्या.

"ही मराठी. पंचावन्न सालची."

ग्यानोबानं चष्मा चढवला. सुबक अक्षरात लिहिलं होतं : सटवा वल्द लिंबा. गैरहजर. फरार. शब्द ऐकून सारा जन्म गेला होता, पण लिहिलेला त्यानं आज पहिल्यांदा पाहिला.

"झालं समाधान? ठिव आता ती पिशवीत."

"थांबा की. ही दुसरी बघा. ही मूळची, उर्दूतली. हिच्यावरनंच ती उतरवलीय."

"मला काय कळतंय त्यातलं? मुंग्या चालल्यावानी हाय."

"मलाबी कळत न्हाई. पर बघा, आबा. मराठीत नावापुढं दोनच शब्द हायत. उर्दूत ह्याच जागंला किती लांब ओळ हाय! उतरवनाऱ्यानं बाकीचं कुठं ठिवलं?"

ग्यानोबा बघत राहिला. खरंच ती ओळ लांब होती. पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, आणि तिथं जागा संपली म्हणून वर वळली होती.

"माज्यासंगं नांदेडला चला," वर्षाराणी म्हणाली. "वाचनारं मानूस हाय एक. काय निगंल ते तुमीच तुमच्या कानानं ऐका."

ग्यानोबा गेला, तो पोरीला एकटीला ऐकू द्यायचं नाही म्हणून गेला.

नांदेडच्या जुन्या वस्तीत मोईनोद्दीन मास्तरांचं घर होतं. उर्दू शाळेतून रिटायर झालेले, डोळ्यांना जाड भिंग, दाराशी मोगऱ्याची कुंडी. विद्यापीठाची पोरं त्यांच्याकडं असले कागद घेऊन यायची आणि मास्तर चहा पाजून वाचून द्यायचे.

"बसा, बसा. बेळंबवाडीचे का? आमची मावशी मुखेडला दिली होती. पोरी, कागद दे."

त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. ग्यानोबानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"सटवा वल्द लिंबा… गैरहाजिर…" मास्तर थांबले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "बमूजिब… हं."

"फरार ना?" ग्यानोबा म्हणाला. एकदाचं तोंड कडू करून मोकळं व्हावं तसं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आडनावच हाय आमचं."

मास्तरांनी भिंगावरून त्याच्याकडं पाहिलं. मग वर्तमानपत्राच्या कडेला पेनानं एक शब्द लिहिला, आणि खाली तोच शब्द पुन्हा.

"हे बघा भाई. ही अक्षरं सारखीच आहेत. फरक फक्त वरच्या नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. एक नुक्ता दिला की फे, दोन दिले की काफ. एक नुक्ता : फरार. दोन नुक्ते : करार. आता लिहिणारा असतो घाईत. दोन नुक्ते वेगळे कुठं देत बसतो? पेन ओढतो, दोन्हींची एक बारीक रेघ होते. नंतर उतरवणाऱ्यानं त्या रेघेला एक नुक्ता समजलं. आधी गैरहाजिर लिहिलेलं, मग पुढं फरार असणारच, झाला मोकळा."

"म्हंजी… दोन्ही हुईल की मास्तर. रेघच हाय. एक बी असंल, दोन बी असतील." खोट्या सुखाला ग्यानोबा भीत होता.

"नाही होत. म्हणून तर थांबलो. ह्या शब्दाआधी बघा काय आहे. बमूजिब. म्हणजे 'प्रमाणे'. उतरवणाऱ्यानं हा शब्दच गाळला. फरारप्रमाणे गैरहजर, असं कुणी म्हणेल का? कराराप्रमाणे गैरहजर! तुमचा आजा लिहून देऊन गेला होता, ग्यानोबाराव. पळणारा माणूस कधी लिहून देतो का?"

वर्षाराणीनं तोंडावर हात ठेवला.

"मास्तर, पुन्यांदा वाचा."

मास्तरांनी वाचलं.

"आनखी एकदा."

मास्तर हसले नाहीत. कीर्तनात महाराज धृपद पुन्हा पुन्हा घोळवतात आणि तिसऱ्यांदा ते अंगात उतरतं, तसं त्यांनी तिसऱ्यांदा सावकाश वाचलं, आणि पुढची ओळही वाचली : गुरुपादप्पा, राहणार मौजे चिंचोळगी, याच्या बावलीच्या कामी. करार माहे आजूर, सन तेराशे सत्तेचाळीस फसली.

"बावली म्हणजे विहीर," मास्तर म्हणाले. "आणि आजूर म्हणजे तुमच्या दिवाळीच्या आसपास. हा फसली सन इंग्रजीत एकोणीसशे सदतीस."

बाहेर पडताना ग्यानोबानं उजवी चप्पल डाव्या पायात घातली आणि तशीच गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.

पण बसमध्ये त्याचं मन पुन्हा खाली बसलं. करारानं गेला, मग परत का नाही आला? आणि वीणा? वीणा तर मातीत पडलेली साऱ्या गावानं पाहिली होती. त्याला कुठला नुक्ता लावायचा?

वर्षाराणीनं मात्र वर्गात जाऊन चिंचोळगीचं नाव काढलं, आणि बेंचवर डोकं ठेवून हसणारी अक्षरा ताठ बसली.

"चिंचोळगी? आमचं मूळ गाव ते. गुरुपादप्पा माझ्या आजोबांचे आजोबा." मग हळू आवाजात म्हणाली, "वर्षा, आमच्या वंशावळीत एक नाव आहे. आमच्यातलं कुणाचंच नाही ते. माझा पेपर तिथंच अडलाय."

पुढच्या सोमवारी ग्यानोबा आणि वर्षाराणी लातूरला मलप्पांच्या दालमिलवर पोचले. मलप्पा अक्षराचे आजोबा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, भुवयांवर तुरीच्या डाळीची पिवळी धूळ. त्यांनी शरणार्थ म्हणून हात जोडले, मिलचा पट्टा बंद करायला लावला, आणि गादीवर आधीच येऊन बसलेल्या माणसाकडं बोट दाखवलं.

"हे आमचे हेळवी, वीरण्णा. आमच्या घराण्यांची नावं राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या ह्यांच्याकडं. पूर्वी नंदी घेऊन यायचे, आता एस.टी.नं येतात. नंदीचं तिकीट परवडत नाही म्हणतात."

"अर्धं तिकीट द्या म्हटलं, कंडक्टर ऐकत नाही," वीरण्णा म्हणाला. त्यानं फडक्यातली चोपडी काढून कपाळाला लावली, शेजारची पितळी घंटा एकदा वाजवली, आणि वाचू नाही, गाऊ लागला. थोडं कानडी, थोडं मराठी. अमक्याच्या पोटी तमका, तमक्याच्या पोटी दोघं, एक उदगीरला गेला, एकाची लेक निलंग्याला दिली. नावामागून नाव येत होतं, आणि प्रत्येक नावाला चालीत बसायला आपली जागा होती. ग्यानोबाची बोटं नकळत मांडीवर ठेका धरू लागली. हे तर कीर्तनच आहे, त्याला वाटलं. देवाऐवजी माणसांची नावं, एवढंच.

"गुरुपादप्पा, त्यानं चिंचोळगीत बावली काढली. त्या साली पटकी आली. गुरुपादप्पा गेला. थोरला गेला. मधला गेला. कमलम्मा राहिली, पोटात शिवप्पा राहिला." घंटा वाजली. "आणि सटवाजी, बेळंबवाडीचा. दगडाचा कारागीर. बावलीचा कठडा बांधला, चांगलं पाणी वर काढलं, घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या तोंडात घातलं. शेवटी आपण पडला. हा नात्याचा नाही, घरचा आहे. कमलम्मानं सांगितलं, लिही."

मिलमध्ये कुठंतरी एक कबुतर फडफडलं.

"ते नाव," अक्षरा वर्षाराणीच्या कानात म्हणाली.

मलप्पांनी डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. "कमलम्मा म्हणजे आमची अज्जी. दर शिवरात्रीला एक पान जास्तीचं वाढायची. आम्हाला वाटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असेल. कुणाचं ते मला आज कळतंय, या वयात!"

"पर… कळवलं का न्हाई कुनी?" ग्यानोबानं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा प्रश्न होता, तो विचारायलाच हवा होता.

"कोण कळवणार, ग्यानोबाराव? पटकीच्या गावात बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. करार करणारा गेला. अज्जी तेव्हा पोटुशी, तिला उचलून लातूरला माहेरी आणलं. तिला नुसतं बेळंबवाडी एवढं नाव ठाऊक. निजामाच्या एवढ्या मुलखात कुठं शोधायची तिनं? म्हणून तिनं त्याला आमच्यातच लिहून घेतलं. कुठंतरी नाव राहावं म्हणून."

निघताना ग्यानोबा वाकला, तर मलप्पाच त्याच्याआधी वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. "अय्यो!" मलप्पा म्हणाले, आणि मग दोघंही हसले ते थांबेनात.

बेळंबवाडीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. धोंडाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. ग्यानोबा तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. मधेच कागद, मधेच चोपडी, मधेच डोक्याला आलेलं टेंगूळ. सांगताना तो इतका रंगला की म्हातारीचे हात कधी थांबले हे त्याला कळलं नाही.

"आत्या, तुजा बाप फरार नव्हता. ऐकतीस का? लोकाला पानी पाजून मेलाय त्यो."

धोंडाबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती वर्षाराणीकडं बघत होती.

"पोरी, करार कवाचा म्हनलीस?"

"आजूर महिना, आजी. म्हंजी दिवाळीच्या टायमाला."

"आन् सप्ता माघात."

"हाव. तीन महिने आदी ठरलं हुतं त्यांचं. बोलावनं आलं की जायचं."

"मंजी…" म्हातारी पुढं वाकली. "मंजी मी वीना खाली ठिवायच्या आदीच त्याचं जायचं ठरलं हुतं?"

ग्यानोबाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तू?"

"म्याच." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "पहाटंला मी बापामागं गेलते मंडपात. तवा गाडी आली चिंचोळगीची. गाडीवान म्हनला, दोघं जन मेलेत, विहीर न्हाई झाली तर गाव मरंल. बापानं पाटलाच्या म्हाताऱ्याला हाळी दिली, पुढचा पहारा त्याचा हुता. त्यो घरातनंच म्हनला, आलो आलो. बापानं वीना माज्या गळ्यात घातली. म्हनला, धोंडे, पाटील येईस्तोर धर. खाली ठिवायची न्हाई, बाय. मंग मी येतो. आन् गेला."

तिनं आपले सुरकुतलेले तळहात उलटे करून पाहिले.

"माज्याहून मोठी हुती ती. लई टाइम धरली, ग्याना. पाटील येईना. मी लिंबाला टेकले. डोळा कवा लागला म्हाईत न्हाई. जागी झाले तर मानसं वरडायलेली, वीना मातीत. मी जोत्यामागं लपले." तिचा आवाज पोरीसारखा बारीक झाला होता. "बाप म्हनला हुता, खाली ठिवायची न्हाई, मंग मी येतो. म्या ठिवली. म्हनून त्यो आला न्हाई. मला वाटायचं, माज्यामुळं मेला. सांगायचं कुनाला?"

म्हणून ती मंडपात पाय ठेवत नव्हती. लाज बापाची नव्हतीच. ऐंशीच्या वर वर्षं, सप्त्यामागून सप्ता, ती ओसरीवर बसून ज्याची माफी मागत होती तो गुन्हा एका झोपेचा होता, आणि झोप सात वर्षांच्या लेकराची होती.

वर्षाराणी तिच्याजवळ सरकली आणि कागदावरच्या त्या रेघेवर तिचं बोट नेऊन ठेवलं. "आजी, हे बघा. त्यांचं जानं तीन महिने आदी ठरलेलं. येनं पटकीनं अडवलं. तुमी झोपला नसता तरीबी तसंच झालं असतं. तुमच्या मधी काईच न्हाई."

धोंडाबाईला वाचता येत नव्हतं. पण तिनं त्या रेघेवरून दोनदा बोट फिरवलं. आणि मग ती रडली, म्हणजे काय रडली! शेजारच्या बाया धावत आल्या. ग्यानोबानं त्यांना दारातच थांबवलं. "काय झालं न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचेही डोळे वाहत होते. "लई चांगलं झालंय. जावा, च्या टाका सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी तो बजरंग पाटलाकडं गेला. कागद दाखवले, मास्तर सांगितले, चोपडी सांगितली, आत्या सांगितली. बजरंगनं सगळं ऐकलं.

"थांब ग्यानोबा. म्हंजी पुढचा पहारा आमच्या आज्याचा हुता. त्यो आलो आलो म्हनून परत झोपला. आन् त्याच्यापायी तुमचं आडनाव फरारे?"

"तसंच दिसतंय."

"मंग आमचं आडनाव झोपे पडाया पाहिजे व्हतं की रं!" बजरंग म्हणाला. मग उठून उभा राहिला, खुंटीवरची टोपी डोक्याला घातली आणि, गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं असं, ग्यानोबाच्या पायाला हात लावायला खाली वाकला. या वेळी ग्यानोबानं डोकं सांभाळलं.

माघातला सप्ता उठायच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला सकाळीच मंडप भरला. लातूरहून मलप्पा आणि अक्षरा आले होते, नांदेडहून उज्वला मॅडम, आणि मोईनोद्दीन मास्तर पहिल्या रांगेत खुर्चीवर. वर्षाराणीनं वर्गापुढं पेपर मांडला होता. पण मॅडम म्हणाल्या, खरी परीक्षा तिथं आहे, मला येऊ द्या.

पावणेदहाला बजरंगनं फळ्यासमोर उभं राहून पहारा पुकारला.

"फरारे?"

मंडपात हसू पसरलं, पण या वेळचं हसू वेगळं होतं. ग्यानोबा पाण्याच्या ड्रमाशेजारून उठला. कालपासून त्यानं मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती. आडनाव बदलून घ्यायचं, करारे करायचं, त्याला काय काय कागद लागतात हेही त्यानं विचारून ठेवलं होतं. त्यातलं काही आता आठवेना.

"हजर हाय," तो म्हणाला.

पण वीणा घेण्याआधी तो मंडपाच्या दाराकडं गेला. तिथं धोंडाबाई काठी टेकून थबकली होती. एक पाय आत, एक बाहेर. त्यानं तिचा हात धरला आणि तिला पुढं आणलं. उभ्या असलेल्या वीणेकऱ्यानं काही न सांगता वीणा तिच्या गळ्यात घातली. ग्यानोबानं खालून वीणेचा भोपळा धरला.

"धर आत्या. म्या हाय खाली."

ती किती वेळ उभी होती? दोन मिनिटं असेल. मृदंगवाल्यानं हात आवरला होता, टाळकरी बघत होते. मग तिनं वर पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोन घेतंय पुढं? बघा, म्या खाली ठिवलेली न्हाई."

ग्यानोबानं ती आपल्या गळ्यात घेतली. मोईनोद्दीन मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. सगळा मंडप उठला, आणि रामकृष्णहरीचा गजर असा चढला की लिंबावरची कबुतरं उडाली.

महाराजांनी काल्याचं कीर्तन धरलं. गोपाळांची शिदोरी, दह्यादुधाचं भांडण, हसून हसून लोकांची पुरेवाट. पहिल्या चालीतच कुणीतरी वर्षाराणीला खुणावलं. धोंडाबाई मंडपात सगळ्यांच्या मधोमध बसली होती, मान छातीवर कलली होती, आणि तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती.

"उठवू का आजीला?" वर्षाराणीनं हळूच विचारलं.

ग्यानोबानं वीणा घट्ट धरली आणि मान हलवली. झोपू दे.